गाळणी कुणाच्या खर्चाने?

बास्केटबॉल फॉलो करणाऱ्यांनी विल्मिंग्टनचं नाव ऐकलं असेल. मायकल जॉर्डन तिथे लहानाचा मोठा झाला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, केप फिअर नदी समुद्राला मिळते तिथे वसलेलं हे मध्यम आकाराचं शहर. बीच आहे, विद्यापीठ आहे, सिनेमाचे स्टुडिओ आहेत. जून २०१७ मध्ये तिथल्या ‘स्टार न्यूज’ या स्थानिक दैनिकात एक बातमी आली. शहराच्या नळाच्या पाण्यात ‘जेनएक्स’ नावाचं एक रसायन आहे, ते नदीच्या वरच्या अंगाच्या रासायनिक कारखान्यातून येतं, आणि पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेकडे ते काढायची सोय नाही, अशी ती बातमी. वॉन हॅगर्टी नावाच्या पत्रकाराने ती दिली होती. पुढचे काही दिवस शहरातल्या दुकानांमधून बाटलीबंद पाणी भराभर संपत होतं.

पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून मला यातली वेगळीच गोष्ट खटकते. ही माहिती गुप्त नव्हती. संशोधकांनी २०१३ मध्ये नदीच्या पाण्याचे नमुने घेतले होते, आणि त्यावरचा शोधनिबंध २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये एका नामांकित विज्ञान नियतकालिकात छापूनही आला होता. त्यात शहराचं थेट नाव नव्हतं, ‘कम्युनिटी सी’ असा उल्लेख होता, आणि भाषा अर्थातच रिसर्च पेपरची. तज्ज्ञांना ठाऊक होतं, काही अधिकाऱ्यांनाही ठाऊक होतं. ज्यांच्या घरात ते पाणी रोज येत होतं, त्यांना कळायला सात महिने लागले आणि एक बातमीदार लागला.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या एका शहराच्या पाण्याचं आपल्याला काय? याच प्रकारच्या रसायनांमुळे बदनाम झालेल्या आणि बंद पडलेल्या युरोपातल्या एका कारखान्याची यंत्रं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आली आहेत. त्याकडे येऊच. आधी हे नक्की काय प्रकरण आहे ते समजून घेऊ, कारण ‘पाण्यात केमिकल आहे’ या वाक्याने घाबरायला होतं, समजत काहीच नाही.

कधीच न तुटणारी जोडी

जेनएक्स हे ‘पीफास’ नावाच्या मोठ्या कुटुंबातलं एक रसायन. या कुटुंबात हजारो संयुगं आहेत. सगळ्यांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत पक्क्या बंधांपैकी हा एक, आणि तो तोडणं निसर्गाला जवळजवळ जमत नाही. ऊन, पाऊस, जिवाणू, कुणाचीच मात्रा चालत नाही. म्हणून इंग्रजीत यांना ‘फॉरएव्हर केमिकल्स’ म्हणतात. मराठीत चिवट रसायनं म्हणू.

हा चिवटपणाच त्यांचा गुण होता. तेलही चिकटत नाही, पाणीही चिकटत नाही, उष्णता सहन होते. नॉनस्टिक तवा, पावसाळी जॅकेट, आग विझवायचा फेस, डाग न पडणारे कार्पेट, चिप बनवणारे कारखाने, असा सगळीकडे यांचा वावर. यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध संयुग म्हणजे ‘पीएफओए’. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते लोकांच्या पाण्यात गेलं होतं. ‘डार्क वॉटर्स’ हा सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना ही केस माहीत आहे. त्या खटल्यातल्या तडजोडीतून सुमारे ६९ हजार लोकांची तपासणी झाली. शास्त्रज्ञांच्या समितीने सहा आजारांशी त्याचा ‘संभाव्य संबंध’ असल्याचा निष्कर्ष काढला. त्यात मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग होता, थायरॉइडचे विकार होते, वाढलेलं कोलेस्टेरॉलही होतं. २०२३ च्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

जेनएक्स हा पीएफओएचा पर्याय म्हणून आणलेला. जुनं रसायन घातक, म्हणून नवं. नवं म्हणजे कार्बनची साखळी जरा आखूड केलेलं. म्हणजे घरातला भाडेकरू बदलला, पण आडनाव तेच राहिलं.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब करू. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओएसाठी पिण्याच्या पाण्यात घातलेली मर्यादा आहे ४ पीपीटी, म्हणजे एक लाख कोटी भागांत चार भाग. ऑलिम्पिकचा स्विमिंग टँक डोळ्यांसमोर आणा, २५ लाख लिटरचा. त्या अख्ख्या टँकमध्ये १० मिलिग्रॅम पीएफओए पडलं, की मर्यादा गाठली. दहा मिलिग्रॅम म्हणजे मिठाची चिमूटसुद्धा नाही, चिमटीला चिकटून राहतात तेवढे कण.

हॉस्टेलवर हल्ली बऱ्याच जणांकडे पेनासारखा टीडीएस मीटर असतो. ग्लासात बुडवायचा, १२० आकडा आला की ‘पाणी चांगलंय’ म्हणायचं. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, तोही एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम अशा हिशेबात. आपण ज्या मात्रेबद्दल बोलतोय ती आहे लिटरमागे ०.०००००४ मिलिग्रॅम. टीडीएस मीटरने पीफास शोधणं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर मुंगी तोलणं. ते मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, प्रशिक्षित माणसं लागतात आणि पैसे लागतात.

तुरटी, क्लोरीन आणि पुढे काय?

विल्मिंग्टनचं जलशुद्धीकरण केंद्र मागासलेलं होतं असं अजिबात नाही. ओझोन, जैविक गाळण्या, अतिनील किरणं, सगळं होतं तिथे. तरीही जेनएक्स आत जितकं यायचं, जवळपास तितकंच नळातून बाहेर पडायचं. का, ते बघण्यासारखं आहे, कारण आपल्याकडच्या केंद्रांचा पाया याहून साधा आहे.

भांडुप असो, पर्वती असो, पद्धत मुळात एकच. पाण्यात तुरटी किंवा तत्सम क्षार टाकायचा, गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. वरचं पाणी वाळूतून गाळायचं. मग क्लोरीन टाकून जंतू मारायचे. कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांच्याविरुद्ध ही व्यवस्था जबरदस्त आहे, तिने लाखो जीव वाचवलेत. पण ती दोनच गोष्टींसाठी बनवली आहे, तरंगणारी घाण आणि जिवंत जंतू. पूर्ण विरघळलेल्या, कशाशीही अभिक्रिया न करणाऱ्या रेणूला ती थांबवूच शकत नाही. पाणी उकळूनही उपयोग नाही. पाण्याची वाफ होते, रसायन मागे राहतं, म्हणजे झालंच तर ते थोडं दाटच होतं.

मग विल्मिंग्टनने काय केलं? ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे दाणेदार सक्रिय कार्बनच्या आठ प्रचंड गाळण्या सुरू झाल्या. सक्रिय कार्बन म्हणजे दगडी कोळसा किंवा नारळाच्या करवंटीचा कोळसा अशा पद्धतीने तापवलेला, की त्याच्या अंगभर अतिसूक्ष्म छिद्रं पडतात. एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग उलगडला तर हजार चौरस मीटरच्या आसपास जातो. पीफासचे रेणू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटतात आणि पाणी पुढे जातं. आठ गाळण्यांत मिळून जवळजवळ तीस लाख पौंड, म्हणजे तेराशे टनांहून जास्त कार्बन. बांधकामाचा खर्च ४ कोटी ३० लाख डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण साडेतीनशे कोटी रुपये. हे कशासाठी, तर सुमारे दोन लाख लोकांना पाणी देणाऱ्या संस्थेसाठी. आपल्याकडे एखाद्या ‘ब’ वर्ग नगरपालिकेने असा प्रस्ताव ठेवला तर सभागृहात काय होईल, ते तुम्हीच कल्पना करा.

यंत्रणा चालते, हे मान्य केलं पाहिजे. गाळण्या सुरू झाल्यावर नळाच्या पाण्यातलं पीफासचं प्रमाण एकदम खाली आलं. शहराच्या पाण्यातून ही रसायनं काढणं अशक्य आहे, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

पण छिद्रं भरतात. आधी आखूड साखळीची संयुगं निसटायला लागतात, कारण ती कार्बनला नीट चिकटतच नाहीत. मग कार्बन उपसायचा, भट्टीत प्रचंड तापमानाला तापवून पुन्हा ताजा करायचा, नवा भरायचा. हे वर्षभर, एकामागून एक गाळणीसाठी सुरूच राहतं. त्याचा वर्षाचा खर्च काही दशलक्ष डॉलर आहे, आणि तो ग्राहकांच्या पाणीबिलातून जातो. बांधकाम एकदाच झालं, कार्बन मात्र कायमचा विकत घ्यायचाय. म्हणजे रसायन चिवट, तसं बिलही चिवट.

शेजारच्या ब्रन्सविक काउंटीने दुसरा रस्ता धरला, आरओचा. आपल्या किचनमधल्या आरओचंच हे शहराएवढं रूप. त्याची जाळी इतकी बारीक असते की पीफास अलीकडेच अडतं. पण अडलेलं कुठे जातं? आपल्या घरी आरओची एक बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते ना, नको असलेलं पाणी टाकणारी? ब्रन्सविकच्या आराखड्यातही तशी नळी आहे, फक्त ती केप फिअर नदीत जाते. कंपनीने नदीत टाकलेलं रसायन काउंटी वर काढणार, स्वतःच्या पैशाने वेगळं करणार आणि पुन्हा नदीतच सोडणार. त्यावर तिथे बराच वादही झाला.

पाणी ‘शुद्ध’ होतं म्हणजे काय, हा प्रश्न इथे नीट विचारायला हवा. तुरटी-क्लोरीनच्या व्यवस्थेत जंतू मरतात, विषय संपतो. पीफासच्या बाबतीत गाळणी फक्त जागा बदलते. पाण्यातलं कार्बनमध्ये, कार्बनमधलं भट्टीत, आरओमधलं नदीत. खरोखर नष्ट करायच्या पद्धतींवर काम चालू आहे, पण शहराच्या रोजच्या पाण्याच्या प्रमाणावर आज भरवसा आहे तो कार्बन, विशिष्ट रेझिन आणि आरओ या तिघांचाच.

वरच्या अंगाचा नळ

या सगळ्या खर्चिक कहाणीत एक अगदी स्वस्त घटना घडली होती, ती लोक विसरतात. बातमी आली जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्याच महिन्यात, सगळीकडून दबाव आल्यावर, केमोर्स कंपनीने जेनएक्स असलेलं सांडपाणी नदीत सोडणं थांबवून ते टाक्यांत साठवून बाहेर न्यायला सुरुवात केली. आणि काही आठवड्यांतच नदीतलं जेनएक्स झपाट्याने घटलं. २०१३ च्या नमुन्यांत सरासरी ६३१ पीपीटी होतं, राज्याने जुलैमध्ये ठरवलेल्या १४० च्या आरोग्य-पातळीखाली ते आलं. कार्बनची गाळणी उभी राहायच्या पाच वर्षं आधी.

जाता जाता त्या १४० बद्दल. जूनमध्ये त्याच राज्याच्या आरोग्य खात्याचा आकडा होता सुमारे ७१ हजार. महिन्याभरात ७१ हजारांवरून १४०! लोकांचा विश्वास उडाला यात नवल काय? आधीचा आकडा ज्या तुटपुंज्या माहितीवर काढला होता, ती माहितीच नंतर बदलली, हे त्याचं कारण. पण नळाशी उभ्या असलेल्या माणसाला कारण दिसत नाही, आकडा दिसतो.

सांडपाणी थांबवून विषय संपला का? नाही. अनेक दशकं कारखान्याच्या जमिनीत मुरलेलं भूजलातून झिरपत राहिलं, धुराड्यातून हवेत गेलेलं पावसाबरोबर आजूबाजूच्या विहिरींत उतरलं. २०१९ मध्ये कंपनी, राज्य सरकार आणि केप फिअर रिव्हर वॉच ही नदीसाठी काम करणारी संस्था यांच्यात न्यायालयामार्फत करार झाला. १ कोटी २० लाख डॉलर दंड, हवेतलं उत्सर्जन जवळजवळ पूर्ण रोखणारी भट्टी, भूजल अडवायला जमिनीखाली मैलभर लांबीची भिंत. २०२३ मध्ये ड्यूपॉन्ट, केमोर्स आणि कॉर्टेव्हा यांनी देशभरच्या पाणीपुरवठा संस्थांसाठी ११८.५ कोटी डॉलरची तडजोड केली. पण केप फिअरच्या खालच्या खोऱ्यातल्या संस्था त्यातून वगळलेल्या होत्या, कारण त्यांचा खटला वेगळा. म्हणजे ज्या शहराने हा विषय जगापुढे आणला, त्याने गाळणीचे पैसे आधी स्वतः भरायचे आणि मग कोर्टात मागायचे.

एक गोष्ट तर मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. २०१७-१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी विल्मिंग्टनच्या ३४४ रहिवाशांचं रक्त तपासलं. ज्याच्या नावाने सगळ्या हेडलाइन्स आल्या, ते जेनएक्स रक्तात सापडलंच नाही, कारण ते शरीरातून तुलनेने लवकर निघून जातं. मात्र त्याच कारखान्याशी जोडलेली दुसरी संयुगं, ज्यांची नावंही लोकांनी ऐकली नव्हती, ती जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात होती. यादीत असलेलं एक रसायन मोजायचं आणि ‘पाणी सुरक्षित’ म्हणायचं, या पद्धतीची मर्यादा यातून कळते.

आणि राजकारण? एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पहिल्यांदाच पीफासच्या बंधनकारक मर्यादा घातल्या, पीएफओए आणि पीएफओएस यांना ४ पीपीटी, जेनएक्ससह आणखी तिघांना १० पीपीटी. वर्षभरात सरकार बदललं. मे २०२५ मध्ये तीच संस्था म्हणाली, पहिल्या दोन मर्यादा ठेवू, पण पालनाची मुदत २०२९ ऐवजी २०३१. जेनएक्स आणि इतरांच्या मर्यादा मागे घ्यायचा विचार आहे. विल्मिंग्टनच्या गाळण्या मात्र चालूच आहेत. निवडणुकीचा निकाल काहीही लागो, रक्तातल्या रसायनाला त्याची खबर नसते.

विचेंझाहून लोट्याला

आता ते आपल्याकडचं. उत्तर इटलीत विचेंझा नावाचं शहर आहे. त्याच्याजवळच्या त्रिस्सिनो गावात मिटेनी नावाचा कारखाना पीफास बनवत असे. हे उत्पादन १९६० च्या दशकात सुरू झालं. २०१३ मध्ये सरकारी संशोधकांना विचेंझा, पाडुआ आणि वेरोना या भागांतल्या पाण्यात पीफास सापडलं. तीन लाखांहून अधिक लोकांचं पाणी. तिथेही तातडीने कार्बनच्या गाळण्या बसल्या. नंतर रक्ततपासण्या सुरू झाल्या, त्यात चौदा वर्षांची मुलंही होती. मुलांचे रिपोर्ट हातात पडल्यावर त्यांच्या आया एकत्र आल्या आणि ‘मम्मे नो पीफास’ ही चळवळ उभी राहिली. जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने मिटेनी आणि तिच्या मालक कंपन्यांशी संबंधित ११ जणांना मिळून १४१ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. हा खालच्या न्यायालयाचा निकाल आहे, वर अपिलाला वाव आहे. तरी औद्योगिक प्रदूषणासाठी अधिकाऱ्यांना एवढी शिक्षा, हे जगात क्वचित घडलंय.

मिटेनी २०१८ मध्येच दिवाळखोर झाली होती. दिवाळखोर कंपनीचं सामान विकलं जातं, तसं हेही विकलं गेलं. २०१९ मध्ये एका भारतीय रसायन कंपनीने आपल्या उपकंपनीमार्फत मिटेनीची यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञान विकत घेतलं. ती यंत्रं समुद्रमार्गे आली आणि उभी राहिली लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत. मुंबई-गोवा महामार्गाने खेडहून चिपळूणला जाताना ही वसाहत लागते, कोकणात जाणाऱ्यांनी तिचा वास ओळखायला शिकलेलं असतं.

इथे मला नीट शब्द वापरायचेत. यंत्र म्हणजे गुन्हा नव्हे. लोट्यातला हा कारखाना नियम मोडतो आहे, असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. फ्लोरिनची रसायनं औषधांना लागतात, चिप कारखान्यांना लागतात, इंधन-सेलच्या पडद्यांना लागतात. आपल्याला ग्रीन हायड्रोजन पण हवाय, मोबाइल पण हवाय. ‘सगळं बंद करा’ म्हणणं सोपं आहे, आणि हे मी लिहितेय त्या लॅपटॉपमध्येही या कुटुंबातलं काही ना काही असणारच.

पण मोडायला आधी नियम तर पाहिजे! भारतात पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००. त्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, फ्लोराइड १ मिलिग्रॅम, अशा मर्यादा आहेत. पीफासचा रकानाच नाही. स्टॉकहोम करार हा चिवट प्रदूषकांवरचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या यादीत पीएफओएस २००९ पासून आहे. भारत या कराराचा सदस्य. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने यादीतल्या सात रसायनांना मान्यता दिली, त्या सातांत पीएफओएस नव्हतं.

म्हणजे उद्या एखाद्या नगरपालिकेच्या पाण्यात ६०० पीपीटी पीफास निघालं, तरी कागदोपत्री ते पाणी ‘मानकानुसार’ असेल. कुणी खोटं बोलत नसेल. अहवाल खराच असेल. त्यात गढूळपणा असेल, शिल्लक क्लोरीन असेल, ई-कोलाय ‘शून्य’ असेल.

दाभोळ खाडीतले मच्छीमार लोट्याच्या सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करतायत. मासे मेले की बातमी येते, चौकशी होते, पुन्हा शांत. मेलेला मासा निदान दिसतो. पीफास दिसत नाही, वासही येत नाही, मासाही तरंगत वर येत नाही. वीस-तीस वर्षांनी कुणाच्या तरी थायरॉइडचा रिपोर्ट येतो, आणि त्याचा कारखान्याशी संबंध जोडायला तेव्हा काहीच हाताशी नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आजचा आकडा आजच मोजून ठेवा. लोटे, महाड, पाताळगंगा, तारापूर, कुरकुंभ, जिथे जिथे रासायनिक वसाहती आहेत तिथल्या विहिरी, बोअरवेल, ओढे आणि जवळच्या गावांच्या नळांतलं पीफास एकदा मोजायचं आणि आकडे जाहीर करायचे. शून्य निघालं तर उत्तम, कारखान्यांनाही ते उपयोगी, उद्या कुणी आरोप केला तर त्यांच्याकडे कागद असेल. शून्य नाही निघालं तर साडेतीनशे कोटींची गाळणी मागायची वेळ येण्याआधी वरच्या अंगाचा नळ बंद करता येईल. सांडपाण्यात किती पीफास चालेल ही अट कारखान्याच्या संमतिपत्रात लिहायला कुठलाही नवा शोध लागत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ तिथे अटी लिहितंच, त्यात एक ओळ वाढेल.

घरच्या आरओने काम भागेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यांच्यासाठी. चांगला, वेळेवर मेंब्रेन बदललेला आरओ पीफास बऱ्यापैकी अडवतो, हे खरंय. पण ज्यांना तो परवडतो त्यांच्याच ग्लासात. आणि सिंकमधली ती बारीक नळी गटारात जाते, गटार ओढ्यात, ओढा खालच्या गावाच्या विहिरीशी.

कॉलेजात बसून काय करता येईल? पर्यावरण मंजुरीची कागदपत्रं केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर असतात. ती कंटाळवाणी असतात, पण कुठल्या वसाहतीत काय बनणार हे त्यातच लिहिलेलं असतं. केमिस्ट्रीवाल्यांनी ती वाचावीत आणि जर्नालिझमवाल्यांना मराठीत सांगावीत, विल्मिंग्टनचे ते सात महिने याच दोघांच्या मधे गेले होते. नगरपालिकेला माहिती अधिकारात एक साधा प्रश्न विचारता येतो, की आमच्या पाण्याची पीफाससाठी शेवटची तपासणी कधी झाली? बहुतेक उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं येईल. तेही जपून ठेवावं, तारखेसकट.

नमुना घ्यायचा झाला तर मात्र तो प्रयोगशाळेच्या सूचनेप्रमाणेच घ्यावा लागतो. झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर असलेली बाटली चालत नाही, पॉलिप्रॉपिलीनची लागते. आणि नमुना घेणाऱ्याने पाणी न चिकटणारं जॅकेट घालायचं नसतं, कारण त्या कापडावरचं पीफासच पाण्यात उतरून आकडा बिघडवू शकतं. तेव्हा लोट्याला जाणार असाल तर जुलै टाळा. कोकणातल्या पावसात रेनकोटशिवाय बाटली भरत उभं राहायचं म्हणजे कठीण आहे.